कोणाला कळवायचं?

मंगळवारी सकाळी सव्वासातला वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, गादीखालच्या पट्टीने ओल नोंदवली. चादर बदलली गेली दुपारी दोननंतर, आणि तीही भाची अवचित भेटायला आली म्हणून.

भाचीला दारातच वास आला. ताज्या लघवीचा वास वेगळा आणि अर्धवट वाळून पुन्हा भिजलेल्या कापडाचा वेगळा. हा दुसरा होता, आणि त्यावरून कुणीतरी फिनेलचं फडकं फिरवून त्याची आणखी घाण करून ठेवली होती. आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. डावी बाजू लुळी पडल्यापासून तिला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. उजवा हात मात्र तिने छातीशी आवळून घेतला होता, ओल्याला जेवढं कमी अंग लागेल तेवढं बरं म्हणून.

"आत्या, केव्हाची अशी आहेस?"

"चहा आला तेव्हा झालं," आत्या भिंतीला म्हणाली. "मग नाश्त्याची ताटली आली. मग जेवण. जेवले मी. वाढलेलं टाकवत नाही."

"हाक नाही मारलीस?"

"कुणाला? घंटी त्या कपाटावर नेऊन ठेवली. ती मावशी म्हणाली, आजी, आता हाका मारायच्या नाहीत, गादीच सांगते. म्हटलं, सांगत असेल. आपण मध्ये कशाला तोंड घाला."

मावशी म्हणजे त्या मजल्यावरची मदतनीस. भाचीने तिला शोधून आणलं. दोघींनी मिळून आत्याला कुशीवर वळवलं. चादरीखालचं मेणकापड खोलगट झालं होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. मावशीने ते उचललं तशी धार जमिनीवर, भाचीच्या चपलेवर. आयुष्यभर लोकांचे कपडे बेतून शिवत आलेली आत्या ओल्या गाऊनचा काठ दोन बोटांत धरून म्हणाली, "हे कापड घाण टिकवतं. घेताना बघून घ्यायचं."

तिच्या कमरेखालची जागा आठवड्यापूर्वी नुसती लाल होती. आता मधोमध कातडी सुटली होती, आत ओलं गुलाबी मांस दिसत होतं आणि कडा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारख्या पांढऱ्या, सुरकुतलेल्या झाल्या होत्या. भाचीने मान फिरवली, मग पुन्हा बघितलं, कारण कुणीतरी बघायला हवं होतं.

मजल्याची जबाबदारी असलेली सिस्टर जखमेवर पट्टी करायला आली. बोलायला तिखट, हाताला हलकी.

"माझ्यावर ओरडू नका," भाची काही बोलायच्या आतच ती म्हणाली. "माझ्या फोनवर काही आलेलं नाही. हा घ्या फोन, बघा. ते यंत्र बसवल्यापासून एकदाही वाजलेलं नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. पूर्वी आम्ही दर दोन तासांनी हात घालून बघायचो. मग संस्थेचे साहेब म्हणाले, आता यंत्र आणलंय ना, मग हात कशाला घालता, माणसाला लाजही असते. दोन मावश्या कमी केल्या. आम्हाला वाटलं, फोन वाजत नाही म्हणजे कोरडे आहेत सगळे."

"वास येत नव्हता?"

सिस्टरने हातमोजे काढून बादलीत टाकले. "बाई, बारा तास आत राहिलं की इथे कुणालाच वास येत नाही. तुम्ही बाहेरून येता."

संस्थेच्या दर्शनी भागात, सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र लावलं होतं. ज्या संस्थांमध्ये महिन्याला सर्वांत कमी सूचना येतात त्यांना यंत्र बनवणारी कंपनी ते देत असे. आकडे संस्थाच पाठवायच्या. या संस्थेचा आकडा शून्य होता.

भाची त्याच कंपनीत काम करायची, हे तिने इथे कुणाला सांगितलं नव्हतं. आतेभावाने मात्र संस्था त्याच कारणाने निवडली होती. तो दूर राहतो, दर रविवारी फोन करतो. "तुमच्याच कंपनीचं बसवलंय तिथे," तो तेव्हा म्हणाला होता. "म्हणजे आई घरच्याच नजरेखाली."

तिच्या कामाला लोकांना सांगता येईल असं नाव नव्हतं. ऑफिसात तिला प्रश्नपत्रिका म्हणत. सॉफ्टवेअरचं पॅकेज एखाद्या संगणकावर बसण्याआधी चार गोष्टी विचारून घेतं: खोल्या किती, कोणत्या पलंगाखाली कोणती पट्टी, ओल झाली की कोणाला कळवायचं. मिळालेली उत्तरं साठवतं आणि पुढे त्याबरहुकूम वागतं. प्रश्न कोणते विचारायचे, कोणत्या शब्दांत, कोणत्या प्रश्नाचं उत्तर आधीच भरून ठेवायचं आणि कोणता प्रश्न विचारायचाच नाही, हे ती ठरवायची.

"तो संगणक कुठे आहे?" तिने सिस्टरला विचारलं.

तो सिस्टरच्या टेबलावर होता, डबा, कापसाचा गुंडा आणि कुणाच्यातरी काढून ठेवलेल्या कवळीच्या वाटीशेजारी. त्याला तारेने जोडलेली छोटी पेटी भिंतीला टांगली होती. पेटीत सिमकार्ड होतं. पट्टी ओली झाली की पेटी थेट एका फोनवर संदेश पाठवणार, कंपनीकडे काहीही जाणार नाही, अशी रचना होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं, घरातली गोष्ट घरातच राहते.

भाचीने साठवलेले प्रश्न पुन्हा उघडले. खोल्यांची संख्या बरोबर. पट्ट्या बरोबर. पुढच्या पडद्यावर तिने स्वतः लिहिलेली ओळ आली: ओल झाल्यास कोणाला कळवायचं? नाव आणि नंबर.

नावाच्या जागी लिहिलं होतं "ककक". नंबराच्या जागी एकाच आकड्याची रांग होती.

"ककक कोण?" सिस्टरने तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"कोणी नाही."

"म्हणजे इतके महिने ते सगळं..."

"या नंबरला जात होतं. असा नंबरच नाही."

सिस्टर खुर्चीत बसली. डब्याचं झाकण उघडं होतं, ते तिने लावून टाकलं.

हे कसं झालं असेल ते भाचीला लगेच कळलं. वर्षभरापूर्वी ती एका तंत्रज्ञाबरोबर एका संस्थेत गेली होती. प्रश्न लोकांना समजतात का, ते तिला बघायचं होतं. तंत्रज्ञाने पॅकेज सुरू केलं, खिशातून चिकटपट्टीचं जाड रीळ काढलं, एंटरच्या बटणावर ठेवलं आणि चहा प्यायला गेला. पडदे एकामागून एक सरकत गेले. प्रत्येक प्रश्नात आधीच भरून ठेवलेलं उत्तर तसंच्या तसं मान्य होत गेलं. तो परत आला तेव्हा काम झालेलं होतं. "सगळे असंच करतात मॅडम," तो म्हणाला. "तुमचे प्रश्न चांगले असतात, पण वाचत कुणी नाही."

तेव्हा या प्रश्नाला आधीच भरलेलं उत्तर होतं: कोणालाही नको, पुढच्या फेरीत बघू. ते मॅनेजरने टाकायला लावलं होतं, कारण ग्राहकांना यंत्र दाखवताना फोन सारखा वाजायचा आणि ते तोंड वाकडं करायचे. भाचीने भांडून ते उत्तर काढायला लावलं. जागा रिकामी राहील, रिकामी ठेवून पुढे जाता येणार नाही, रीळ ठेवलं तरी पडदा हलणार नाही. मॅनेजर कबूल झाला, पण एक अट घालून. काहीही लिहिलं तरी चालेल, नंबर खरा की खोटा ते पॅकेजने तपासत बसायचं नाही, नाहीतर तंत्रज्ञ दिवसभर एकाच संस्थेत अडकेल. तिने अट मानली. काहीतरी जिंकलं असं तिला वाटलं होतं.

तिने ककक खोडलं, सिस्टरला विचारून तिचंच नाव आणि नंबर घातला, आत्याच्या पट्टीवर ओला कापूस ठेवायला मावशीला सांगितलं. सिस्टरच्या खिशातला फोन वाजला.

सिस्टरने वाचलं. "ओलावा घटना, पहिला मजला, कोपऱ्याची खोली. हे काय? भिंतीला ओल आलीय का?"

"मी लघवी लिहिलं होतं. ते म्हणाले, बरं दिसत नाही."

"ते म्हणजे कोण?" सिस्टरने फोनवरून नजर उचलली. "आणि तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

"हे प्रश्न मीच लिहिते."

सिस्टरने तिच्याकडे थोडा वेळ बघितलं, वरपासून ओल्या चपलेपर्यंत. "अस्सं," ती म्हणाली. "मग कधी इथे येऊन विचारायचं होतं."

डॉक्टर संध्याकाळी आले. जागा कोरडी राहिली तर जखम भरेल, म्हणाले. पुन्हा अशी भिजत पडली तर ती आत उतरेल, हाडापर्यंत, आणि या वयात मग भरवता येत नाही. आत्या ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "हाडाला अस्तर लावता येत नाही म्हणतोय तो."

भाचीने घरी येऊन दोनदा अंघोळ केली, चपला बाहेर फेकल्या, आणि तिला बरं वाटलं. आत्याचं काम झालं होतं.

बुधवारी ऑफिसात जाताना ते बरं वाटणं तिला टोचू लागलं. तंत्रज्ञ एकाच संस्थेत थोडाच गेला होता.

मॅनेजरच्या केबिनमध्ये तिने तंत्रज्ञालाही बोलावून घेतलं. मॅनेजर हातातल्या ओल्या टिश्यूने कीबोर्डची बटणं एकेक करून पुसत होता. त्याला अस्वच्छता चालत नसे. कुणी खोकलं तरी खुर्ची मागे घ्यायचा. ऑफिसात त्याला 'पुढचं' म्हणत, कारण मीटिंगमध्ये तो दुसरं फारसं काही बोलत नसे.

"मी टाकलं असेल," तंत्रज्ञ म्हणाला. तो उभाच होता, दाराला टेकून. "ककक मीच टाकतो. तो दुसरा आहे ना, तो अअअ टाकतो. त्यावरून आम्हाला कळतं, कुणाचं काम ते."

"कुठेकुठे टाकलंस?"

"ते आता काय आठवणार मॅडम? जिथे सांगायला कुणी नव्हतं तिथे. संस्थेच्या साहेबांना विचारलं तर म्हणतात मोठ्या सिस्टर ठरवतील, मोठ्या सिस्टर म्हणतात साहेबांना विचारा. मी काय करू, माझ्या बायकोचा नंबर टाकू?" तो हसला. हसायला कुणी साथ दिली नाही, तेव्हा त्याने दाराच्या कडीकडे बघितलं.

"म्हणजे उत्तर दिलेलं आहे," मॅनेजर म्हणाला.

"ककक हे उत्तर नाही."

"पॅकेजने विचारलं, समोरच्याने लिहिलं. पॅकेजने आपलं काम केलं. चूक बसवणाऱ्याची."

"सर, माझी?" तंत्रज्ञ सरळ उभा राहिला. "दिवसाला चार संस्था उरकायला मला कोण सांगतं?"

"तू जा," मॅनेजर म्हणाला. तंत्रज्ञ गेला.

भाचीने काय करायचं ते सांगितलं. नवीन अपडेट पाठवायचं. ते बसण्याआधी साठवलेल्या नंबरावर एक चाचणीचा संदेश जाईल. समोरून "मिळालं" असं उत्तर आलं तर काही विचारायचं नाही. नाही आलं, तर तो प्रश्न पुन्हा विचारायचा आणि खऱ्या माणसाने उत्तर देईपर्यंत पडदा हलू द्यायचा नाही. एकदा दिलेलं उत्तर अपडेटच्या वेळी पुन्हा विचारायचं नाही, हा नियम तिनेच केलेला होता, लोकांना त्रास नको म्हणून. तो इथे मोडावा लागणार होता.

"सगळ्या संस्थांत एकदम?" मॅनेजरने विचारलं.

"कुठे ककक आहे ते आपल्याला इथून दिसत नाही. मग सगळीकडेच विचारावं लागेल."

"आणि सगळीकडे कळेल."

"काय कळेल?"

"की काहीतरी बिघडलंय." त्याने टिश्यू घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दुसरा घेतला. "लोकांना प्रश्न विचारला की संशय येतो. आजवर तक्रार आलीय का एक तरी?"

"तक्रार करणाऱ्यांना बोलता येत नाही, नाहीतर त्यांना सांगितलंय की गादी बोलते. सर, मी काल माझ्या आत्याच्या खालून मेणकापड काढलं. त्यात साचलं होतं. सकाळपासूनचं. तिची कातडी..."

"प्लीज," मॅनेजर म्हणाला आणि हात वर केला. त्याचा चेहरा खरोखरच पांढरा पडला होता. "मला हे असं ऐकवू नका. मी आत्ताच जेवलोय." मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुमचं मी समजू शकतो. माझ्याही घरात म्हातारं माणूस आहे. तुमच्या आत्यांच्या संस्थेत उद्याच माणूस पाठवतो. नवीन पेटी, नवीन पट्टी, सगळं."

"तिथलं मी काल करून आले."

"मग झालं की," तो म्हणाला. "पुढचं."

आदल्या संध्याकाळी अंगाला साबण लावताना तिनेही मनात नेमकं हेच म्हटलं होतं. ती केबिनबाहेर येऊन जिन्यात बसली आणि कठड्याच्या लोखंडाचा गार वास घेत राहिली. मग जागेवर जाऊन तिने काम सुरू केलं. मॅनेजरने अडवलं नाही. उलट संध्याकाळी तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "घाला तुमचा प्रश्न. मी काही राक्षस नाही."

शुक्रवारी दुपारी अपडेट पाठवण्याआधी तिने ते शेवटचं चालवून बघितलं. प्रश्न आलाच नाही. तिने मुद्दाम खोटा नंबर घातला, तरी आला नाही.

पॅकेजमधल्या प्रत्येक प्रश्नाला महत्त्वाची एक पायरी ठरवून दिलेली असते. सगळ्यात वरच्या पायरीचा प्रश्न विचारल्याशिवाय काम पुढे जात नाही. सगळ्यात खालच्या पायरीचा प्रश्न फक्त त्याला दिसतो, जो सुरुवातीलाच "मला सगळे प्रश्न दाखवा" असं सांगतो. असं कुणी सांगत नाही. तिचा प्रश्न कुणीतरी वरून उचलून तळाला नेऊन ठेवला होता.

"काढला का मी?" मॅनेजर म्हणाला. "प्रश्न आहे. शब्दसुद्धा बदललेला नाही."

"दिसत नाही."

"ज्याला बघायचा असेल त्याला दिसतो."

"कोणाला बघायचा असतो, सर?"

"ते ग्राहकाने ठरवायचं. आपण लादायचं नाही. तुम्हीच मला शिकवलंत हे, कमीत कमी प्रश्न विचारा म्हणून. तुमचीच चित्रं होती त्या सादरीकरणात."

हे खरं होतं. जिथे माणसाला उत्तर माहीत नाही तिथे त्याला विचारू नका, असं एक मोठ्या अक्षरांतलं वाक्यही त्यात होतं. त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

ती जागेवर आली. प्रश्न तिने पुन्हा सगळ्यात वरच्या पायरीवर नेला आणि अपडेट पाठवून दिलं. पाठवण्याची परवानगी दोघांनाच होती, तिला आणि मॅनेजरला. तासाभरात मॅनेजरने ते मागे घेतलं. दरम्यान किती संस्थांच्या संगणकांनी ते उतरवून घेतलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. घरातली गोष्ट घरातच राहत होती.

"सोमवारी बोलू," मॅनेजर जाताना म्हणाला. "आणि तोवर कशालाही हात लावू नका. विनंती आहे."

शनिवारी सकाळी ती आत्याकडे गेली. खोलीला फक्त साबणाचा वास होता. सिस्टरने जखम उघडून दाखवली. कडा कोरड्या होत्या. "फोन वाजतो हो तुमचा," सिस्टर म्हणाली. "काल तर मी घरी जेवायला बसले होते, तेव्हापण वाजला. इथे फोन करून मावशीला पळवलं. कौतुक करा माझं."

"करते."

"नुसतं तोंडी."

आत्याने उजव्या हाताने नवी चादर चाचपून पाहिली. "ही बरी आहे," ती म्हणाली. "पण काठ दुमडताना कंजुषी केलीय."

दुपारी तंत्रज्ञाचा फोन आला. मागे दुसराच कुठलातरी फोन थरथरत होता.

"मॅडम, तुम्ही ते काय पाठवलंत? सकाळपासून संस्थांचे फोन. पडद्यावर प्रश्न अडकलाय, जात नाही म्हणतात."

"उत्तर द्यायला सांग त्यांना."

"सांगतोय ना. आपल्या साहेबांनी तोडगा दिलाय. जिथे अडेल तिथे आपल्या मदत-कक्षाचा नंबर टाकायला सांगायचं. चाचणीचा संदेश इथे येतो, मी इथून मिळालं म्हणून पाठवतो, की पडदा गेला पुढे. एकदम सोपं. सगळे खूश."

"आणि त्यानंतरच्या सूचना?"

"कुठल्या?"

"त्या संस्थांमध्ये गाद्या भिजतील, त्याच्या."

"त्या इथेच येणार ना," तंत्रज्ञ म्हणाला. "येतायत की. तो टेबलावर थरथरतोय तो तोच फोन. आवाज बंद केलाय मी, डोकं उठलं होतं. पाच वाजता आम्ही बंद करतो, मग सोमवारी."

"वाचून दाखव."

"काय?"

"शेवटचे संदेश. वाच."

"मॅडम, ओलावा घटना, ओलावा घटना, सगळं तेच आहे. मजला आणि खोली आहे नुसती. कुठल्या संस्थेची खोली तेपण लिहिलेलं नाही. कुणाला सांगू?"

संस्थेचं नाव संदेशात नव्हतं, कारण संदेश संस्थेतल्या संस्थेतच जाणार असं धरलं होतं. तेही तिनेच धरलं होतं.

"निदान ज्यांना तो नंबर दिलास त्यांना पुन्हा फोन कर," ती म्हणाली. "त्यांना सांग, आजपासून पुन्हा हात घालून बघा."

"मी असं सांगितलं आणि साहेबांना कळलं तर?"

"माझं नाव सांग."

"तुमचं सोमवारनंतर काय होणार ते सगळ्यांना माहितेय," तंत्रज्ञ म्हणाला. मग जरा थांबून, "बघतो. दोन-तीन ठिकाणी करतो. सगळ्यांना नाही जमणार." त्याने फोन ठेवला.

तिने मॅनेजरला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने लिहून पाठवलं, शब्द न वगळता, लघवी, जखम, मांस. संदेश वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी तिचा फोन वाजला. सिस्टर होती. आवाजाबरोबर बादलीत नळाचं पाणी पडत असल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं.

"तुमच्या आत्यांच्या खोलीची सूचना आलीय," सिस्टर म्हणाली. "मघाशी एक आली, आत्ता पुन्हा."

"मग मावशींना सांगा ना."

"कशी सांगू? मी घरी आहे. आज माझी सुट्टी. केस धूत होते, तशीच बोलतेय."

"तिथे आज कोण आहे?"

"बदलीची मुलगी आहे कुणीतरी. तिचा नंबर माझ्याकडे नाही, ती आज पहिल्यांदाच आलीय. मावशीचा फोन बंद लागतोय. संस्थेच्या ऑफिसचा वाजतोय, पण रविवारी तिथे कुणी बसत नाही. साहेब उचलत नाहीत." नळ बंद झाल्याचा आवाज आला. "तुम्ही विचारलंत, कोणाला कळवायचं. मी म्हटलं, मला. आज मी नाहीये, हे त्या पेटीला कोण सांगणार?"

प्रश्नाचे शब्द भाचीने बदलले होते, जागा बदलली होती, पायरी बदलली होती, त्यात खरं नावही घातलं होतं. तो एकदाच, सगळ्यात आधी विचारून घ्यायचा नसतो, दर पाळीला विचारायचा असतो, हे तिला कधी सुचलं नव्हतं. कंपनीतल्या कुणालाच सुचलं नव्हतं. आधीच विचारून घ्यायचं, मग कायमचं विसरून जायचं, यासाठीच ते सगळं बनवलेलं होतं.

"ती मुलगी फेरी मारेल ना?"

"तिला सांगितलं असेल, गादी सांगते म्हणून," सिस्टर म्हणाली. "आपणच सांगतो नव्या मुलींना. मी निघू का? मला पोचायला तास लागेल. तुम्हाला?"

"तेवढाच."

"मग निघू दोघी. मी फोन लावत राहते."

भाची हाताला लागेल ती चप्पल घालून बाहेर पडली. रस्त्यात तिने संस्थेचा नंबर लावला. तो पलीकडे वाजत राहिला, तुटला, पुन्हा वाजत राहिला. आतेभावाचा रविवारचा फोन मध्येच आला. तिने उचलून "आई ठीक आहे का?" एवढं ऐकलं आणि नंतर करते म्हणून कापला.

सिस्टरच्या फोनवर कोपऱ्यातल्या खोलीची तिसरी सूचना आली तेव्हा सिस्टर बसमध्ये होती, भाची अजून अर्ध्या रस्त्यात, आणि संस्थेचा फोन कुणी उचललेला नव्हता.